दिवाणामागचे पाच डाग

ही गोष्ट भर दिवसाची आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. तेव्हा अंधार नव्हता, दारं आपोआप आपटत नव्हती, लांब कुठं कुत्रं रडत नव्हतं. खिडक्या सताड उघड्या होत्या, उन्हाचा पट्टा थेट आतल्या दारापर्यंत आला होता आणि घरभर साबणाच्या पाण्याचा वास होता. अशा लख्ख उजेडात माणूस घाबरत नाही. धाकटी तर मुळातच घाबरणाऱ्यांतली नव्हती.

घरात तिला सगळे धाकटीच म्हणायचे. आठ वर्षं लांब राहून, शिकून, चार महिन्यांपूर्वी ती परत आली, तरी नाव तेच राहिलं. शिकली काय, तर घरातली हवा. धूळ, बुरशी, धूर, बंद खोल्यांमधून माणसाच्या छातीत काय काय जातं आणि ते थांबवायचं कसं. तिकडे चांगली नोकरी हातात आली होती, ती सोडून आली. हवा मोजता येते, म्हणजे बदलताही येते, यावर तिचा कुणाचा देवावर नसेल इतका विश्वास होता. जी माणसं आयुष्यभर निमूटपणे खोकत राहतात त्यांच्या घरांपासून सुरुवात करायची, असं ती ठरवून आली होती. आणि झालं असं, की तिसऱ्याच महिन्यात तिची स्वतःची आई न्यूमोनियानं हॉस्पिटलात.

आज एकवीस दिवसांनी आई सुटणार होती. सुटून कुठं जायचं, हे मात्र ठरायचं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, धुळीच्या खोलीत या बाई महिनाभरात परत आजारी पडतील. दादा तर तयारच होता. त्याच्या शहरात, अकराव्या मजल्यावर, आईसाठी एक खोली रिकामी करून बसला होता. आईला तिकडे जायचं नव्हतं. "मला माझ्या दिवाणावर बसून श्वास घ्यायचाय," एवढंच ती म्हणत होती. शेवटी असं ठरलं, की संध्याकाळी पाच वाजता सिस्टर आईला घेऊन घरी येतील, खोली बघतील आणि पसंत पडली तर आईला इथं ठेवतील. नाहीतर दादाची गाडी दाराशी उभी राहील.

"पाचपर्यंत ही खोली ऑपरेशन थिएटर होईल," धाकटीनं दादाला फोनवर ठणकावलं होतं.

"बघ हं. आईला एकदा हलवायचं म्हणजे तिचा जीव जातो. दोनदा नको हलवायला."

"दोनदा काय, एकदाही हलणार नाही. तू तुझी खोली भाड्यानं दे."

सकाळी साडेआठला तिनं बाहेरच्या खोलीचे पडदे काढून बादलीत बुडवले, ओढणी कमरेला बांधली आणि मास्क चढवला. मदतीला मशीनमावशी आल्या होत्या. या मावशी गेली वीस वर्षं लोकांची घरं साफ करत होत्या. सोफे, गाद्या, गालिचे. मूल घ्यावं तसं धूळ ओढायचं मशीन कडेवर घेऊन त्या जिने चढत.

"ताई, हे फडकं कशाला एवढं दुमडताय? रुमाल आहे का तो?"

"आठ घड्या, मावशी. एक बाजू मळली की दुसरी. आठ बाजू संपल्या की धुवायचं. नाहीतर आपण घाण पुसत नाही, नुसती फिरवतो."

"बरं बाई. वीस वर्षं मी फिरवतच होते म्हणायची."

"तसं नाही हो..."

"चिडवतेय. दाखवा, कशा घालायच्या घड्या."

कामाला शिस्त होती. वरून खाली, आतून बाहेर, कोरडं आधी, ओलं नंतर. कोपऱ्यांतली जळमटं उतरली. पंख्याच्या पात्यांवरून बोटभर जाड धुळीच्या वाती निघाल्या. पुस्तकांचं कपाट रिकामं झालं. टीव्हीच्या मागे दादाचं शाळेतलं प्रगतिपुस्तक सापडलं, गणितात सदतीस. धाकटीनं त्याचा फोटो काढून लगेच दादाला पाठवला. साडेदहापर्यंत अर्धी खोली ओळखू येईना इतकी उजळली.

मग दोघींनी दिवाण ओढला.

हा दिवाण म्हणजे त्या घराचं बसणं-उठणं होतं. भिंतभर लांब, लाकडी, वर पातळ गादी. संध्याकाळी सगळे त्यावर रांगेत, भिंतीला डोकी टेकून बसत. मधल्या फळीचा एक खिळा कायमचा सैल होता. तिच्यावर कुणी बसलं की 'टक्' असा आवाज व्हायचा, आणि ती जागा धाकटीची. ती येऊन बसली, टक् वाजलं की बाबा वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणायचे, "लागली हजेरी." बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. फळी मात्र तशीच होती.

दिवाणामागच्या भिंतीला आईनं एक लांब निळी चादर टाचली होती. भिंत खराब होऊ नये म्हणून, असं ती सांगायची. ती चादर धुवायला काढायची तेव्हा पोरं शाळेत असायची, म्हणून धाकटीनं तिच्यामागची भिंत कधी पाहिलीच नव्हती. तिनं टाचण्या उपसल्या. चादर खाली आली.

पिवळसर ऑइलपेंटच्या भिंतीवर तपकिरी, गोल, तेलकट डाग होते. डोक्यांचे.

"आलं बघा घर समोर," मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "आमच्या धंद्यात आम्ही माणसं विचारत नाही. दिवाणामागची भिंत बघतो. डोकी मोजायची. कोण उंच, कोण बुटकं, कुणाला तेलाची हौस. हे खिडकीकडचं उंच कोण?"

"बाबा."

"हे पसरट?"

"दादा. बचकभर तेल थापायचा."

"आणि हे आतल्या दाराजवळ, खाली आणखी एक छोटं गोल... अंबाडा. या तुमच्या आई." मावशी मधल्या जागेकडे वळल्या. "आणि या दोघी?"

दादा आणि आई यांच्या मधोमध दोन डाग होते. एकाच उंचीचे. दोन्हींमध्ये जेमतेम एक वीत अंतर.

"त्यातली एक मी," धाकटी म्हणाली.

"आणि दुसरी?"

"आम्ही चौघंच होतो, मावशी."

"डाग पाच आहेत."

"पाहुणे येतात की."

"पाहुण्यांचा डाग पडत नाही, ताई. त्याला रोज बसावं लागतं. वर्षानुवर्षं." मावशींनी हे नळ गळतोय म्हणावं इतक्या सहज सांगितलं आणि मशीनची वायर सोडवायला घेतली.

धाकटीला गंमत वाटली. तिनं मास्क खाली ओढून दादाला फोन लावला.

"गणिताचं बोलायला फोन केला असशील तर ठेव," दादा म्हणाला.

"नाही रे. दिवाणावर आपण कसे बसायचो? खिडकीपासून सांग."

"बाबा, मी, मग तू, मग आई."

"माझ्या शेजारी आणखी कोण?"

"कोण असणार? कुणी नाही. जागा असायची."

"कसली जागा?"

"अगं, मध्ये एकाची जागा सोडायचो ना आपण. आई म्हणायची नाही का, 'सरक जरा' म्हणून."

"का सोडायचो?"

"का म्हणजे... सोडायचो." दादा हसला. मग हसता हसता थांबला. "खरंच गं. का सोडायचो? मी कधी विचारच केला नाही. चौघं दाटीवाटीनं बसायचो आणि मध्ये एक जागा मोकळी."

"ती माझ्या कुठल्या बाजूला होती? तुझ्याकडे की आईकडे?"

पलीकडे दादा नावं पुटपुटत पुन्हा रांग लावू लागला.

"आठवत नाही," दादा म्हणाला. "तू मला उशीनं मारायचीस, म्हणजे माझ्या शेजारी असशील. पण झोप आली की डोकं आईच्या मांडीवर टाकायचीस... खरंच आठवत नाही."

तिलाही आठवेना. आठ वर्षांत तिकडच्या खोल्यांची, बसगाड्यांची, प्रयोगशाळेतल्या स्टुलांची सवय झाली होती. आणि घरातली आपली जागा कोणती, हे माणूस डोक्यात थोडंच ठेवतो? ते घरानं ठेवायचं असतं.

तिनं मोबाइलवर भिंतीचा फोटो काढून ठेवला आणि पहिला बाबांचा डाग पुसायला घेतला. हात जरा अडला. मग ती स्वतःशीच म्हणाली, बाबा म्हणजे हे तेल नव्हे, आणि आईची छाती जास्त महत्त्वाची. तीन घड्यांत डाग गेला. इतक्यात हॉस्पिटलातून फोन आला. आईच होती. बोलताना मध्ये मध्ये दम घेत होती.

"चादर... काढलीस का?"

"काढली. भिंत बघायला हवीस आई, काय ते डाग! पण आता मी..."

"ऐक. बाबांचा पुसलास तरी चालेल, ते गेलेत. दादाचा पूस, तो काही परत यायचा नाही. माझा मी पुन्हा पाडीन." आईनं एक लांब श्वास ओढला. "तुझा तेवढा ठेव."

"माझा कशाला? मी तर इथंच आहे."

"ठेव म्हटलं ना. तुझा पुसू नकोस. काहीही कर, पण तुझा..."

खोकल्याची उबळ आली. मग सिस्टरचा आवाज. "ताई, त्यांना बोलू देऊ नका आता. पाचला भेटू."

धाकटी फोन हातात धरून क्षणभर उभी राहिली. आठ वर्षं आई आपला डाग बघत बसली असेल, या नुसत्या कल्पनेनं तिला कसंतरी झालं. आईचं एवढंसं मागणं ती मोडणार नव्हती. प्रश्न इतकाच होता, की दोहोंतला आपला कोणता?

पण प्रश्न समोर आला की तिला उलट बळ चढायचं. दोघींनी दिवाण पुन्हा भिंतीला लावला. ती एका डागापुढे बसली, मग दुसऱ्यापुढे. दोन्ही जागा मधल्या फळीवरच होत्या, त्यामुळे टक् दोन्हीकडे वाजलं, आणि उंचीही दोन्हीकडे तंतोतंत जुळली. तिनं बोटानं दोन्ही डाग चाचपले. आईकडचा डाग मऊ, चिकट होता, बोटाला तेल लागलं. दादाकडचा कोरडा ठाक होता.

"सुटला प्रश्न," ती म्हणाली. "मी आठ वर्षं इथं नव्हते, आणि आल्यापासूनही दिवाणावर टेकायला वेळ कुठं मिळाला? माझं तेल कधीच वाळून गेलं असणार. म्हणजे हा कोरडा तो माझा. ओल्या जागी अलीकडे कुणीतरी बसतंय. आईच टेकत असेल, कूस बदलून."

मावशींनी कोरड्या डागावरून अंगठा फिरवला, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"ताई, हा तेलाचा नाहीच."

"आठ वर्षं झाली की तेलाचं असंच होतं. त्याची रासायनिक क्रिया असते, मावशी."

"असेल. पण तेलाला वास राहतो. याला काहीच वास नाही. पेंटाचासुद्धा नाही." त्यांनी अंगठा पदराला पुसला, पुन्हा पुसला. "तुम्ही शिकलेल्या. तुम्ही म्हणाल तो ठेवू."

धाकटीनं फडक्याच्या आठ घड्या घातल्या, ते साबणाच्या कोमट पाण्यात पिळलं आणि ओला डाग पुसायला घेतला. हा चिवट निघाला. आठही बाजू संपल्या, फडकं धुतलं, पुन्हा आठ बाजू संपल्या. तेलाचे थरावर थर होते. कुणीतरी एकावर एक चढवत गेल्यासारखे. पुसताना त्यातून शिकेकाईचा, जुन्या उशीचा, शाळेच्या दप्तराचा असा एक मिसळलेला वास आला आणि तिला उगाचच भरून आलं. कशानं, ते कळलं नाही. तिला वाटलं, साबण डोळ्यात गेला.

भिंत स्वच्छ झाली. पिवळी, कोरी. मध्ये एकच कोरडा डाग उरला.

मग गादी गच्चीवर उन्हात टाकली आणि ओला केलेला दिवाण वाळावा म्हणून खोलीच्या मधोमध ओढून ठेवला. दीड वाजता दोघी आत स्वयंपाकघरात जेवायला बसल्या. मावशी सुनेचं गाऱ्हाणं सांगत होत्या, रंगात आल्या होत्या. एवढ्यात बाहेरच्या खोलीत वाजलं.

टक्.

मावशींचा घास हातातच राहिला.

"लाकूड ओलं केलंय ना," धाकटी म्हणाली. "वाळताना तडकतं."

"हो. तडकतं." मावशींनी घास तोंडात घातला आणि हळू चावला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तडकतं तेव्हा लाकूड पुन्हा पुन्हा वाजतं, ताई. हे एकदाच वाजलं."

खरंच ते पुन्हा वाजलं नाही. कुणी बसलं आणि बसूनच राहिलं, असं.

धाकटी उठून बघून आली. खोली रिकामी होती. उन्हात दिवाण वाळत होता. फक्त मधल्या फळीवर, चौफेर वाळलेल्या लाकडात, बसण्याएवढा एक गोल अजून ओला होता. सावली पडत असेल, तिनं ठरवलं, आणि खिडकीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला कळलं असतं, की तिथं सावली पाडायला काही नव्हतंच.

साडेतीनला दिवाण आणि गादी परत जागेवर लावून मावशी निघाल्या. दाराशी घुटमळल्या.

"आईसाहेबांना आवडेल हो खोली. काम चोख झालंय. एक सांगू? वीस वर्षांत मी कधी डाग राखून काम केलं नव्हतं. पुसायचं तर सगळं पुसायचं. अर्धं पुसलं की..."

"की काय?"

"काही नाही. चपला कुठं गेल्या माझ्या?"

पाच वाजता अॅम्ब्युलन्स आली. सिस्टर बुटांवर कापडी पिशव्या चढवून आत आल्या, खिडकीच्या खाचेतून बोट फिरवलं, पंखा लावून बघितला, स्टुलावर चढून कपाटावर हात फिरवला. मग ऑक्सिजन मोजणारी चिमटी आईच्या बोटाला लावली आणि पाच मिनिटं तिला खोलीतच बसवलं. आकडा वर चढला. हॉस्पिटलात होता त्यापेक्षाही वर.

"अशी खोली मी दहा वर्षांत पाहिली नाही," सिस्टर म्हणाल्या. "राहू द्या यांना इथंच."

धाकटीला वाटलं, धावत जाऊन सगळ्या गल्लीला सांगावं. आठ वर्षांच्या शिक्षणाचं, सोडलेल्या नोकरीचं, दादाच्या टोमण्यांचं चीज झालं होतं. ती सिस्टरना दारापर्यंत पोचवून आत आली तेव्हा आई भिंतीकडे बघत होती. तिचा चेहरा उतरला होता.

"हा कुणाचा ठेवलास?"

"माझा. तू म्हणालीस ना."

"ओला होता तो?"

"तो पुसला. मी आठ वर्षं नव्हते, आई. माझा ओला कसा असेल?"

आईनं पुसलेल्या जागेवरून दोन बोटं फिरवली. मग अगदी हळू, दम घेत घेत म्हणाली, "दर रविवारी... मी तेल लावायचे त्याला. दोन बोटांनी. तू गेल्यापासून. हॉस्पिटलात जाईपर्यंत एक रविवार चुकवला नाही."

पंखा फिरत होता.

"आम्ही इथं राहायला आलो तेव्हाच हा एक होता भिंतीवर," आईनं कोरड्या डागाकडे न बघता सांगितलं. "नवीन पेंटमधून वर यायचा. बाबांनी तीनदा रंग दिला. मग म्हणाले, बसू दे बिचाऱ्याला, आपण जरा सरकून बसू. काही त्रास नव्हता त्याचा. तू होतीस तोवर हातभर लांब असायचा. तू गेलीस आणि... दर वर्षी बोट-दीड बोट तुझ्या जागेकडे सरकायला लागला. म्हणून मी तुझी जागा धरून ठेवली होती, बाळ. तुझा डाग होता तोवर त्याला तुझ्या जागेवर बसता येत नव्हतं."

धाकटी अशी गळून जाणारी नव्हती. तिनं आईचा हात हातात घेतला. बोटाला लावलेल्या चिमटीतला आकडा खाली घसरत होता. आधी आईचा श्वास, मग बाकीचं.

"मग त्यात काय, आई. मी आले आहे ना आता? मी स्वतः बसते की. पाडते पुन्हा डाग. हे बघ."

ती दिवाणावर आपल्या जागी बसली.

फळी वाजली नाही.

ती जरा उठून पुन्हा बसली. जोरात. काही नाही. खिळा घट्ट बसला असेल पाण्यानं, ती मनात म्हणाली, आणि आईकडे बघून हसली. तेवढ्यात दादाचा व्हिडिओ कॉल आला. तिनं मोबाइल समोरच्या स्टुलावर टेकवला.

"वा! अगं ही आपलीच खोली आहे ना?" दादा खुशीत होता. "मानलं धाकटे. हरलो मी. आई, कसं वाटतंय?"

"बरं... बरं वाटतंय."

"छान. अगं, त्यांना जरा बाजूला सरकायला सांगतेस का? धाकटी दिसत नाहीये नीट."

"कुणाला?" धाकटीनं विचारलं.

"त्या मध्ये बसल्यात त्यांना. कोण, सिस्टर का? नमस्कार सिस्टर..." दादानं स्क्रीनवर हात जोडले.

धाकटीनं हात पुढं करून फोन बंद केला. तिच्या आणि आईच्या मध्ये गादीवर एकाची जागा मोकळी होती. ती केव्हा सुटली, दोघींपैकी कुणालाच कळलं नव्हतं.

ती उठली. तडक कपाटातून तेलाची बाटली आणली, ओंजळभर तेल घेतलं आणि पुसलेल्या जागी भिंतीवर चोळलं. दोन बोटांनी नव्हे, अख्ख्या तळव्यानं. मग केसांना थापून तिथंच डोकं टेकून बसून राहिली, आई झोपेपर्यंत. तिला जे पुसता येतं ते तिला पुन्हा पाडताही येतं. भिंत तिच्या घरची होती, आई तिची होती. ज्याला कुणाला बसायचं असेल त्यानं आपल्या जागी बसावं, असं ती मोठ्यानं म्हणालीसुद्धा. खोलीनं ऐकून घेतलं. आईचा श्वास रात्रभर शांत होता, आकडा एकदाही खाली आला नाही. हे महत्त्वाचं होतं, आणि ते तिनं करून दाखवलं होतं.

सकाळी तिला जाग आली ती प्रसन्न. आई दिवाणावर लोडाला टेकून बसली होती, ऊन तोंडावर घेत. धाकटीनं चहा टाकला. मग आईचा चष्मा मळकट दिसला म्हणून तो पुसायला घेतला आणि पुसता पुसता भिंतीकडे बघितलं.

तिनं चोळलेलं तेल नव्हतं. भिंत तिथं इतकी स्वच्छ होती, की बाकीची भिंत तिच्यापुढे मळकी दिसत होती. शेजारचा कोरडा डाग मात्र आता कोरडा नव्हता. तो ओलसर चमकत होता.

चष्मा तसाच खिशात टाकून ती फडकं आणायला मागच्या गॅलरीत गेली. फडकं दोरीवर होतं. काल संध्याकाळी तिनं ते उलगडून, झटकून वाळत टाकलं होतं. आता ते ओलं होतं आणि त्याच्या आठ घड्या घातलेल्या होत्या. कोपऱ्याला कोपरा जुळवून, तिनं मावशींना दाखवल्या होत्या तशा. तिनं ते हातात घेतलं, एक एक घडी उलगडली. सात बाजू कोऱ्या होत्या. आठव्या बाजूला तेल होतं. तिच्या तळव्याच्या आकाराचं.

तिनं फडकं मुठीत घट्ट आवळलं. ठीक आहे, ती मनाशी म्हणाली. तू पूस, मी पुन्हा लावते. बघू कोण दमतं.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आईचा आवाज आला. आज त्यात दम लागलेला नव्हता. चष्म्याशिवाय दिसत नसलं की आई जरा मोठ्यानं बोलायची, तशी ती लाडानं म्हणत होती,

"पुरे गं धाकटे, सकाळी सकाळी किती पुसशील ती भिंत. ये, बस अशी माझ्याजवळ..."

धाकटी गॅलरीत उभी होती. फडकं तिच्या हातात होतं, चष्मा तिच्या खिशात.

बाहेर फळी वाजली.

टक्.